वाली नसलेला कंटेनर

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळी ८ वाजून ४० मिनिटे.

कंपनीच्या फाटकासमोरच्या बाकावर बसलो आहे. बुटांच्या नाड्या दोनदा बांधून झाल्या. हजर व्हायचे नऊला, म्हणजे वीस मिनिटे हातात आहेत. दुसऱ्या वर्षात कॉलेज सुटलेल्या मुलाला सर्व्हरच्या खोलीत नोकरी मिळाली, ही काही लहान गोष्ट नाही. काल ताई फोनवर रडलीच. लगेच सावरून म्हणाली, शर्टाची वरची गुंडी लावू नकोस, गळा आवळल्यासारखा दिसतोस. शर्ट तिनेच शिवला आहे, तेव्हा तिचे ऐकले.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.

सगळे छान झाले. इमारत दुमजली आहे. खाली सर्व्हर, वर आम्ही. खोलीत चार टेबले. एक साहेबांचे, एक माझे, एक थंडीवाल्या बाईंचे आणि खिडकीजवळचे एक रिकामे. थंडीवाल्या बाई म्हणजे सर्व्हर थंड ठेवणारी यंत्रे सांभाळणाऱ्या बाई. बाहेर कितीही ऊन असो, अंगात स्वेटर. हे नाव साहेबांनी ठेवले, आता घरचेही तेच म्हणतात, नवऱ्याला तर खरे नाव आठवावे लागते, असे त्यांनीच हसत सांगितले.

कामाचे मला समजले ते असे. आमच्याकडे एकशे वीस सर्व्हर एकत्र जोडले आहेत. त्याला क्लस्टर म्हणतात. त्यावर गिऱ्हाइकांची कामे चालतात : एका इस्पितळाचे रक्ताचे अहवाल, एका परीक्षा मंडळाचे निकाल, एका पार्सल कंपनीचे पत्ते. प्रत्येक काम आपापल्या कंटेनरात. साहेब म्हणाले, कंटेनर म्हणजे भाड्याची खोली समज, फक्त भाडेकरूला वाटतं की सगळं घर आपलंच. शेजारी कोण राहतो ते त्याला दिसता कामा नये. आणि एकाने हावरटासारखी सगळी मेमरी खाल्ली तर बाकीचे उपाशी राहतात, म्हणून कोणाच्या पानात किती वाढायचे ते आधीच ठरवायचे. तो वाढपी म्हणजे तू.

मला हे काम जमेल. लहानपणी वडी कापायची असली की सुरी माझ्याकडे यायची. ताई अजून मला मोजपट्टी म्हणते.

बुधवार, ५ मार्च.

साहेबांनी यादी दिली. मर्यादा न घातलेले कंटेनर एकूण ४१. प्रत्येकासाठी तीन रकाने भरायचे : प्रोसेसरचा वाटा, मेमरीची मर्यादा, मालकाचे नाव. कंटेनर काय खातो ते चार दिवस मोजायचे, सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, त्यावर थोडी सूट ठेवायची आणि कुलूप लावायचे.

प्रोसेसरचा वाटा देण्याची पद्धत मला नीट कळली नव्हती, म्हणून पुन्हा विचारले. सेकंदाचे बारीक तुकडे करतात. ज्याला दहावा हिस्सा दिला, त्याने प्रत्येक तुकड्यात दहावा भाग चालायचे आणि नऊ भाग थांबायचे. मी विचारले, मग त्याचे काम अडखळत नाही का? साहेब म्हणाले, आतल्याला थांबल्याचं कळतच नाही रे. त्याला वाटतं, बाहेरचं जग जरा घाईत आहे.

दुपारी थंडीवाल्या बाईंना रिकाम्या टेबलाबद्दल विचारले. माझ्या आधीच्या माणसाचे ते. बाई म्हणाल्या, सज्जन होता हो, पण शेवटी शेवटी फार मंद झाला. त्याचा कप ओठाशी जाईपर्यंत आमचा दुसरा चहा व्हायचा. एक दिवस येईनासाच झाला. साहेबांनी महिनाभर वाट बघून हजेरीपटावरून नाव कमी केले.

सोमवार, १० मार्च.

चाळीस कंटेनर पूर्ण. एकच राहिला, शेवटचा. त्याला नाव नाही, नुसता चौदा आकडी क्रमांक. मालकाचा रकाना कोरा. तो काय काम करतो ते कोणालाच सांगता येईना. सकाळी आठच्या सुमारास जागा होतो, दिवसभर मध्यम खातो, संध्याकाळी मंदावतो. साहेब म्हणाले, वेळा तर आपल्याच दिसतायत, कामाचं काही नाव नाही, म्हणजे आपलाच कोणीतरी असणार.

मी विचारले, पण हा कोणाचा? तर सगळी खोली हसली. बाईंनी सांगितले की ही इथली रीतच आहे : वाली नसलेला कंटेनर जो विचारेल त्याच्या गळ्यात. मालक लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून तूर्तास आपला क्रमांक टाकायचा, मग सवडीने खरा मालक शोधायचा. मी माझा कर्मचारी क्रमांक टाकला.

एक चूक नोंदवून ठेवतो, कारण न नोंदलेली चूक मला झोपू देत नाही. हा कंटेनर मी चार दिवस मोजला नाही. यादी आजच पुरी करून दाखवायची हौस होती. आज दुपारी एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, तासभर मोजला. त्या वेळी तो फार थोडे खात होता. तेवढेच धरले. प्रोसेसरचा दहावा हिस्सा, मेमरी त्या बेताने. सव्वाचारला कुलूप लावले.

साहेबांनी पाठ थोपटली. चुकीचे त्यांना सांगितले नाही.

बुधवार, १२ मार्च.

थकवा आहे. दोन दिवस अंगात ताप नाही, कणकण नाही, नुसता थकवा. आज जिना चढताना मध्ये एक श्वास घ्यायला थांबलो. एकच श्वास. तेवढ्यात थंडीवाल्या बाई खाली जाऊन, यंत्र बघून, परत वर आल्या आणि म्हणाल्या, पुतळा बसवायचाय का इथे तुझा? मला वाटले थट्टा करतात.

चहा ओतला, हात पुढे केला, कप उचलला, तर वर साय धरलेली आणि चहा गार.

संध्याकाळी ताईचा फोन. ती फार भरभर बोलत होती. मध्येच तिचे हॅलो हॅलो सुरू झाले. मोजपट्टी, आहेस ना रे, की फोन टेबलावर ठेवून गेलास? मी तर लगेच उत्तर देत होतो. ती म्हणाली, झोप नीट घे, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय.

झोप तर पुष्कळ होते. डोळे मिटतो आणि उघडतो तोवर सकाळ झालेली असते. विश्रांती मात्र एका मिनिटाचीही वाटत नाही.

शुक्रवार, १४ मार्च.

आज मरता मरता वाचलो. रस्ता ओलांडायला निघालो तेव्हा दिवा हिरवा होता. तीन पावले टाकली. तेवढ्यात दोन्ही बाजूंनी गाड्या अंगावर. एका टेम्पोवाल्याने उतरून माझ्या दंडाला धरून मला पलीकडे नेले. भाऊ, रस्त्याच्या मधोमध उभं राहून कसला विचार करता, असे ओरडला. मी विचार करत नव्हतो. चालत होतो.

कार्यालयात भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून मोजले. एक ते दहा, नेहमीच्या वेगाने. घड्याळाचे एक मिनिट चाळीस सेकंद गेले. पुन्हा मोजले. तेवढेच. तिसऱ्यांदाही तेवढेच.

दहा म्हणता शंभर जातात.

मग तो कंटेनर उघडून बघितला. सोमवारी सव्वाचारपासून तो आपल्या मर्यादेला टेकलेला आहे. रेघ एकदम सपाट, जणू डोके छताला लागले आहे. मी खुर्चीत हालचाल न करता, काही न आठवता बसलो. रेघ खाली आली. उठून उभा राहिलो. रेघ छताला. चार वेळा करून बघितले. चारही वेळा तसेच.

ताईला फोन केला नाही. काय सांगणार?

सोमवार, १७ मार्च.

मर्यादा वाढवायला गेलो. मालकाला आपल्याच कंटेनराची मर्यादा वाढवता येत नाही. दुसऱ्याची मंजुरी लागते. हा नियम योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक जण आपल्याच पानात वाढून घेईल. साहेबांना सांगायला गेलो. माझे एक वाक्य पुरे होईपर्यंत त्यांचे दोन फोन झाले. म्हणाले, लवकर बोल बाबा. मग म्हणाले, निकालाचा आठवडा आहे, क्लस्टर गच्च भरलाय, कोणाच्या पानातलं काढून तुला वाढू? इस्पितळाच्या? मी नाही म्हणालो. नाही म्हणून झाले तेव्हा ते समोर नव्हते.

मेमरीचेही तसेच चालले आहे. नवे काही लक्षात ठेवले की जुने काहीतरी पडते. आज खोलीच्या कुलपाचा आकडा आठवला आणि आईचा आवाज गेला. चेहरा आहे, ओठ हलतात, आवाज नाही. ताईच्या मुलीचे नाव आठवेना, छोटी छोटी म्हणून वेळ मारून नेली. म्हणून सगळे इथे लिहितो. वहीला मर्यादा नाही.

अडीच वाजता क्लस्टरची सुरक्षा बघणाऱ्यांचा संदेश आला. ज्या कंटेनरांचे काम माहीत नाही त्यांचे विलगीकरण करणार. म्हणजे त्यांच्याकडून बाहेर काही जाणार नाही, बाहेरून आत काही येणार नाही. हरकत असल्यास मालकाने पाच वाजेपर्यंत कळवावे, न कळवल्यास आपोआप होईल.

मी ताबडतोब हरकत लिहायला घेतली. तीन ओळी. पाठवताना वेळ बघितली.

सहा वाजून दहा.

मंगळवार, १८ मार्च.

काल रात्री घरी जायला निघालो. फाटकापर्यंत पोहोचलो तेव्हा उजाडले होते. परत वर आलो.

कोणी ओ देत नाही. साहेबांच्या अगदी समोर उभा राहिलो, ते माझ्या आरपार घड्याळ बघत होते. थंडीवाल्या बाईंनी आपली पर्स माझ्या टेबलावर ठेवली. माझ्या हातावर ठेवली. साहेब म्हणाले, आज नाही आला का तो? बाई म्हणाल्या, हाही त्याच वाटेने निघाला वाटतं.

ताईचे नाव फोनवर येते. मी उचलतो. पलीकडे काही नाही. श्वासही नाही.

आणि खिडकीजवळच्या टेबलाशी एक माणूस बसला आहे. चाळिशीचा, दाढी वाढलेली. येणारेजाणारे त्याच्या खुर्चीला वळसा घालतात, पण बघत कोणी नाही. त्याने मला बघितले. फार उशिरा आलेल्या पाहुण्याला बघावे तसे.

मंगळवारच असावा. उशीर झाला आहे.

तो माझ्या आधीचा माणूस आहे. तो कुठे गेलाच नव्हता. त्याचे बोलणे मला नीट कळते, आठवड्यात पहिल्यांदाच कोणाचे तरी बोलणे घाईचे वाटले नाही. म्हणून आधी बरे वाटले, हे खरे.

म्हणाला, नाव कमी केलं तेव्हा मर्यादाही गेली होती माझी. कोणाला दिसत नव्हतो, पण खायला पुरेसं होतं. खिडकीतून बघायचो, दिवस जायचा. मग गेल्या सोमवारी सव्वाचारला एकदम हवा कमी झाली. कोणी केलं ते?

मी म्हणालो, मी.

तो रागावला नाही. थकलेला माणूस रागावतही नाही. एवढेच म्हणाला, जेवत होतो हो मी तेव्हा. मोजायला तीच वेळ सापडली?

बुधवार.

पुन्हा मोजले. दहा म्हणता दोनशे.

एक दहावा हिस्सा आणि सोमवारच्या विलगीकरणापासून आत दोघे. तो पाणी प्यायला की माझा हात हवेत थांबतो. मी लिहिले की त्याच्या पापण्या अर्ध्यावर राहतात. मी लिहिणे कमी करावे, अशी त्याने विनंती केली. हात जोडले.

तो म्हणतो, सुटकेची एकच वाट. तिसरे नाव. नवा मालक आला की फॉर्म पहिल्यापासून उघडतो, मर्यादा निघते, नवी मर्यादा लागेपर्यंत चार दिवस मोकळी हवा. मी विचारले, आणि त्या तिसऱ्याचे काय? तो म्हणाला, मी काही तुम्हाला बोलावलं नव्हतं. तुम्हीच विचारलंत.

गुरुवार, २० मार्च. पाच वाजता.

ताई आली आहे.

इथे, खोलीत. खांद्याला तिची शिवणाची पिशवी. साहेबांशी भांडते आहे. एवढी भरभर की अर्धेच कळते. माझा भाऊ काय पेन आहे का हो, कुठेतरी राहिला म्हणायला? त्याचे बूट टेबलाखाली आहेत, डबा इथे आहे, आणि तुम्ही म्हणता येत नाही? कुठे आहे तो?

विचारू नको ताई. विचारू नको.

मी ओरडलो. तिने केस मागे सारले, पलीकडे वळली.

साहेब ओशाळले आहेत. म्हणतात, त्याचं सामान घेऊन जा, आणि त्याच्या नावावर एक कंटेनर अडकलाय, मालक तीन दिवस जागचा हलत नाही म्हणून लाल दिवा लागलाय, निकालाच्या आठवड्यात तेवढं एक नाव बदलायला हवं. आमच्यात काय, जो विचारेल त्याच्या— असे सवयीने हसत म्हणाले. नुसती सही. ताई म्हणाली, द्या इकडे, त्याचं सगळं माझंच आहे.

ओळखपत्र लागते. ते तिच्याजवळ नव्हते. उद्या सकाळी अकराला घेऊन येणार.

गेली.

खिडकीजवळच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आहे. म्हणतो, खमकी आहे हो तुमची ताई. ती भांडून वाढवून घेईल. तिघांनाही पुरेल.

पुरणार नाही. मी वाढपी आहे. मला माहीत आहे.

गुरुवार. नंतर.

मंजुरी न लागणारी एकच गोष्ट मालकाला करता येते. कंटेनर बंद करणे. कायमचा. ते आतूनही होते, त्याला कोणाला विचारावे लागत नाही.

पाच ते अकरा, अठरा तास. माझा वाटा विसावा. म्हणजे चोपन्न मिनिटे. पुरतील. पासवर्ड, मग चौदा आकडे, मग दोनदा हो.

त्याला सांगितले. त्याला न सांगता करणे बरोबर नव्हते. बंद झाल्यावर तोही—

तो उठला. मारायला आला असे वाटले. तो फक्त चालायला लागला. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. सगळा हिस्सा पायांनी खातो आहे. तो चालला की मी—

खिडकीत अंधार.

चौथा आकडा.

तो मोठ्याने पाढे म्हणतो. आठवायलाही हिस्सा लागतो. सतरा नव्वे— माझे बोट—

खिडकी करडी. एका जांभईत रात्र गेली. फार दमलो आहे. तोही दमला आहे. भिंतीला धरून चालतो. मध्येच म्हणाला, माफ करा हो. आणि चालतच राहिला.

अकरावा.

शुक्रवार, २१. घड्याळात १० वाजून—

चौदावा. टाकला. पहिले हो. दाबले. आता दुसरे विचारते आहे.

हे ताईसाठी. वही टेबलावर राहील, असे धरून चालतो. सही करू नकोस. मी कुठे आहे ते कोणालाही विचारू नकोस. सामानही नको.

हिशोब. चुकीचा ठेवून जाणार नाही.

मिळालेली मिनिटे — ५४
पासवर्ड — ६
चौदा आकडे आणि पहिले हो — १०
त्याच्या चालण्यात गेली — ३१
वही — ५
एकूण खर्च — ५२
शिल्लक — २

देणे. त्याचे : उरलेले सगळे दिवस. किती ते मोजता आले नाही. फेडता येणार नाही.
ताईचे : काही

जिन्यावर चपला. ती आज लवकर आली आहे. साहेब दार उघडतात. तो चालायचा थांबला आहे, तिच्याकडे बघतो आहे, त्यामुळे मला एकदम पुष्कळ— हात हलका— दुसरे हो, बोट त्याच्यावरच आहे, ताई, कागद खाली ठेव, पेन